नऊशे बारा माणसांचं गाव

१

वही गेल्याचं बुधवारी सकाळी दहा वाजता कळलं आणि सव्वादहाला चोर ठरलासुद्धा. शहराच्या आरोग्य खात्यात इतक्या झपाट्याने याआधी काही झालं नव्हतं. तापाची साथ आली की बैठक बोलवायला नऊ दिवस लागत. पण दप्तरीकाकांच्या बडतर्फीच्या कागदावर पंधरा मिनिटांत तीन सह्या पडल्या. चौथी राहिली होती ती दक्षता अधिकारी बाईंची. ती पडली की चौकशी झाली असं समजायचं होतं.

या बाईंना खात्यात सगळे पाठीमागे तुरटी म्हणत. चवीला तुरट, आणि गढूळ पाण्यात फिरवली की गाळ खाली बसतो. बाईंना हे नाव माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. आपल्याखेरीज या इमारतीत कुणी कागद वाचत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. ती खोटी ठरावी असं चोवीस वर्षांत कुणी काही केलं नव्हतं.

फाटकावर पहारेकऱ्याने त्यांची पिशवी उघडून डब्याचं झाकणसुद्धा काढून पाहिलं. दोन पंखे चोरीला गेल्यापासून आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाचं सामान असं तपासलं जाई. साहेबांचंही तपासत, आणि साहेबांना त्याचं फार वाईट वाटे.

साहेब म्हणजे आरोग्यप्रमुख. ते खिडकीपाशी उभे राहून उद्याच्या भाषणाची तालीम करत होते.

"साधी गोष्ट आहे, मॅडम," ते म्हणाले. "किल्ली काकांकडे. वही दप्तरखान्यात. वही गेली. म्हणजे काका."

"कसली वही?"

"गेल्या वर्षाच्या मृत्यूंची. नदीपलीकडच्या त्या गावाची. गेल्या महिन्यात आपण ते गाव शहरात घेतलं ना."

"आणि काकांना ती कशाला हवी होती?"

"वय झालं की माणूस काहीही करतो. रद्दीत दिली असेल."

"एक वही?"

साहेबांनी ऐकलं नाही. त्यांना उद्याचं सांगायचं होतं. सहा मोठ्या शहरांच्या साठ वर्षांच्या मृत्युदरांची तुलना करणारं मंडळ उद्या येणार होतं. हजार माणसांमागे वर्षाला किती मेले, हा तो दर. चार वर्षांपूर्वी या शहराचा दर आठाच्या वर होता, आता सहा पूर्णांक दोन. सहा शहरांत सगळ्यांत कमी. फक्त एक अडचण होती. दहा लाख वस्ती असल्याशिवाय मंडळ शहराला मोठं म्हणत नसे.

"आपण नऊ लाख नव्व्याण्णव हजार चारशे होतो," साहेब म्हणाले. "मी म्हटलं, पलीकडचं गाव घ्या. नऊशे बारा माणसं. झालो की नाही मोठे?"

"हुशारी आहे," बाई म्हणाल्या. असं त्या फार क्वचित म्हणत, आणि म्हणत तेव्हा अर्थ उलटा असे.

"तुम्हाला ते गाव माहीत आहे. आपलं रुग्णांचं आरामगृह तिथेच. तुमच्या मातोश्रींना नेलं होतं ना? काय मोकळी हवा आहे."

"एकच दिवस होती," बाई म्हणाल्या आणि विषय बदलला.

मंडळ सगळ्यांत आधी नव्याने जोडलेल्या भागाची वही मागायचं. म्हणून साहेबांना पाच वाजेपर्यंत सही हवी होती. उद्या वही मागितली की सांगता येणार होतं, चोर सापडला, कारवाई झाली, चला जेवायला. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर तीही वेळेवर दिलेली बरी. सदतीस वर्षं नोकरी केलेले आणि दोन महिन्यांनी निवृत्त होणारे दप्तरीकाका संध्याकाळी चोर म्हणून घरी जाणार होते.

बाई सभागृहातून तळघराकडे निघाल्या. समोरच्या भिंतीवर पुरुषभर उंचीचा आलेख नुकताच टांगला होता. साठ वर्षं, सहा रेघा. पाच रेघा म्हातारा माणूस जिना उतरतो तशा सावकाश खाली येत होत्या. सहावी, या शहराची, शेवटच्या चार वर्षांत धाडकन खाली गेली होती. चौकट एका बाजूने भिंतीपासून दोन बोटं पुढे आली होती. या खात्यात एक वस्तू सरळ टांगता येत नाही कुणाला, असं मनात म्हणून बाई पुढे गेल्या.

२

दप्तरखाना तळघरात होता. लोखंडी मांडण्या, डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि पाटाएवढ्या मोठ्या पण सडपातळ वह्या. दप्तरीकाका रोज सकाळी दहाला त्या मोजत. कुणी सांगितलं नव्हतं, पण मोजत.

"सोमवारी संध्याकाळी वही आली," काका म्हणाले. "मंगळवारी सकाळी होती. आज नाही."

"मंगळवारी कोण कोण आलं?"

काकांनी येणाऱ्यांची सह्यांची वही पुढे केली. तीन सह्या होत्या. साहेब दोन छायाचित्रकारांना घेऊन आले होते, काकांना बाजूला सारून मांडणीजवळ फोटो काढले आणि गेले. रुग्णालयाच्या अधीक्षिका जुने केसपेपर परत ठेवायला आल्या होत्या आणि नुसतं पाकीट हातात घेऊन गेल्या. आणि आकडेवारीवाले लोकसंख्येचे तक्ते न्यायला आले होते.

"तुम्ही जागेवरच होतात?"

"आकडेवारीवाले होते तेव्हा चहाला गेलो. अधीक्षिका होत्या तेव्हा शिडीवर होतो. माझी चूक आहे, नाही म्हणत नाही."

"वही उघडून पाहिली होती?"

"नाही. उघडली नाही."

त्यांनी हे बाईंकडे न पाहता सांगितलं. मग हळूच म्हणाले, "बाई, ही चौकशी दुसऱ्या कुणाकडे दिली असती तर बरं झालं असतं."

चोवीस वर्षांत बाईंनी हे वाक्य बऱ्याच चोरांच्या तोंडून ऐकलं होतं. त्यांना वाईट वाटलं. या इमारतीत तुच्छ न वाटणारा एकच माणूस होता, आणि आता तोही साहेबांच्या पंगतीत जाऊन बसला होता.

त्यांनी आवक नोंदवही ओढून घेतली. सोमवारची नोंद काकांच्या अक्षरात होती: गावाची मृत्यूवही, एक, पाने चौसष्ट, शेवटचा नोंद क्रमांक १९०४.

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. वही न उघडता शेवटचा क्रमांक कळत नाही. काका खोटं बोलले होते.

पण त्याहून मोठी गोष्ट त्याच ओळीत होती. नऊशे बारा माणसांच्या गावात एका वर्षात एकोणीसशे चार माणसं मेली होती.

३

"यात विचारण्यासारखं काय आहे?" अधीक्षिका म्हणाल्या.

त्यांच्या खोलीच्या भिंतीवर तीन मानपत्रं होती. मृत्यू निम्म्यावर आणल्याबद्दल, मृत्यू निम्म्यावर ठेवल्याबद्दल, आणि तिसरं कशाबद्दल ते त्यांनाही आठवत नसावं.

"गंभीर रुग्णांना आम्ही आरामगृहात हलवतो. मोकळी हवा मिळते."

"किती गंभीर?"

"डॉक्टरांना कळतं."

"परत किती येतात?"

अधीक्षिकांनी चष्मा पुसला. "माणूस जिथे मरतो तिथे त्याची नोंद होते, हा नियम आहे. मी केलेला नाही. नातेवाइकांची सही घेतल्याशिवाय मी कुणालाही पुलापलीकडे पाठवत नाही."

"आणि एक माणूस दोनदा मरत नाही, तेव्हा तो पलीकडे मेला की शहरात मेलाच नाही."

"तुम्ही फार कडवट बोलता."

"तुरट," बाई म्हणाल्या.

चार वर्षं गाडी भरून मरणं नदीपार नेऊन टाकायची आणि इकडे मानपत्रं टांगायची. घाण शेजाऱ्याच्या दारात लोटून अंगण स्वच्छ म्हणणाऱ्यांची ही जात बाईंच्या ओळखीची होती. गावचा लेखनिक वर फक्त बेरीज पाठवी. वरच्या कचेरीत एवढा आकडा पाहून कुणीतरी तो लिहिण्यातली चूक समजलं आणि शेवटचा अंक खोडून टाकला, हे बाईंनी लेखनिकाला आणि त्या कचेरीला दूरध्वनी करून सकाळीच काढून घेतलं होतं. एकशे नव्वद मेले तरी चालतात, एकोणीसशे चार मेले तर टंकलेखकाची चूक.

"गाव शहरात घेणार हे तुम्हाला माहीत होतं?" बाईंनी विचारलं.

इथे मात्र अधीक्षिकांचा आवाज चढला. "सोमवारी कळलं, वर्तमानपत्रात. मी धावत साहेबांकडे गेले. म्हटलं, अहो, ते सगळे मृत्यू आता आपल्यात धरले जाणार. तर म्हणाले, उलट बरं झालं, आपलं आरामगृह आपल्याच हद्दीत आलं."

बाईंनी साहेबांचं नाव संशयितांतून तिथल्या तिथे काढून टाकलं. वही चोरायला आधी ती कशाबद्दल आहे हे कळावं लागतं. नऊशे बारा डोकी मोजून मोठं व्हायला निघालेल्या या माणसाने आपणच टाकलेला ढीग आपल्याच घरात ओढून आणला होता. हात दाखवून अवलक्षण यालाच म्हणतात.

"म्हणजे वही नाहीशी व्हावी असं तुम्हाला वाटत होतं."

"वाटत होतं," अधीक्षिका म्हणाल्या. "पण मी घेतली नाही. कुणी घेतली असेल त्याची मी आभारी आहे."

४

आकडेवारीवाल्यांना दशांश म्हणत. चहा किती हवा विचारलं तर ते पाऊण कप न म्हणता शून्य पूर्णांक पंच्याहत्तर म्हणत. खोलीत पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या. बोटभर उरलेली थोटकं एका डब्यात, आणि प्रत्येकावर तारखेची चिठ्ठी. कपाटात आलेखांचे बावीस वर्षांचे कच्चे कागद. या माणसाने आयुष्यात काही फेकलं नव्हतं. दाराशी नकाशे न्यायची मोठी चपटी पेटी टेकून ठेवली होती.

"नुसत्या दरांची तुलना तशी चुकीचीच असते," दशांश म्हणाले. "ज्या शहरात म्हातारे जास्त तिथे मृत्यू जास्त. मी साहेबांना नेहमी सांगतो."

"मग साहेब काय म्हणतात?"

"म्हणतात, रेघ जाड काढा."

"वही पाहिलीत?"

"नाही. मंगळवारी तक्ते घेतले आणि निघालो. ती वही कुठल्या रंगाची तेही मला माहीत नाही."

टेबलावर उद्यासाठीचा सुधारित तक्ता होता. बाईंनी तो उलटा होता तसाच वाचला. ही कला त्यांना नोकरीने शिकवली होती. नवीन भाग: लोकसंख्या ९१२, मृत्यू ११.

"हे अकरा कुठून आणले?"

"अंदाज," दशांश पटकन म्हणाले. "वही नव्हती, मग काय करणार? शहराचा मधला दर लावला."

"गावात कुणाला विचारलं नाही?"

"कुणालाही नाही."

बाईंनी मान हलवली आणि बाहेर आल्या. जिन्यात थांबून त्यांनी बडतर्फीच्या कागदाच्या मागे गुणाकार केला. हजारी सहा पूर्णांक दोन, माणसं नऊशे बारा. उत्तर सहासुद्धा पुरते येत नव्हते.

मग त्यांनी गावच्या लेखनिकाला पुन्हा दूरध्वनी लावला.

"आमच्या गावचे स्वतःचे किती गेले?" तो म्हणाला. "ते कसं सांगू, बाई? एकेक नोंद वाचून पत्ता बघावा लागेल. घर क्रमांक असेल तो आमचा, आरामगृह लिहिलं असेल तो तुमचा. आणि वही तर तुम्हीच नेलीत."

साडेचार वाजत आले होते.

५

बाईंनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. साहेब घड्याळ पाहत होते. काका दाराजवळ उभेच राहिले. त्यांना बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही, शेवटी बाईंनीच खुर्ची सरकवली.

"वही साहेबांनी घेतली नाही," बाईंनी सुरुवात केली. "त्यासाठी लागतं ते त्यांच्याकडे नाही."

"किल्ली," साहेब समाधानाने म्हणाले.

"तेही नाही. अधीक्षिकांनी घेतली नाही. हेतू होता, पण त्या हातात पाकीट घेऊन बाहेर पडल्या, आणि वही पाटाएवढी, ती नकाशांच्या चपट्या पेटीतच मावते. काकांनीही नाही. चोरायचीच असती तर आवक नोंदीत शेवटचा क्रमांक लिहून ठेवला नसता. तो क्रमांक नसता तर या वहीत काय होतं ते मला कधीच कळलं नसतं." मग त्या वळल्या. "दशांश, अकरा हा आकडा कुठून आला?"

"सांगितलं ना, मधला दर."

"मधल्या दराने सहासुद्धा येत नाहीत. तुम्ही गुणाकारात चुकलात?"

दशांशांनी झटकन मान वर केली. चोर म्हटलेलं त्यांना चाललं असतं, पण हे लागलं.

"एकोणीसशे चार नोंदी आहेत," बाई म्हणाल्या. "त्यांतले गावचे किती, हे एकेक पत्ता वाचल्याशिवाय कुणाला कळत नाही. लेखनिकालाही ठाऊक नाही. तुम्ही वही घेतलीत ती लपवायला. लपवणाऱ्याने पाच लिहावेत, सहा लिहावेत, कुणी विचारलं नसतं. पण तुम्ही दार लावून बसलात आणि सगळ्या नोंदी वाचल्यात. घर क्रमांकवाले वेगळे केलेत, आणि जो खरा निघाला तोच आकडा तक्त्यात घातलात. अठराशे त्र्याण्णव माणसं गिळलीत, पण अकरा मात्र बरोबर लिहिलेत. सुंभ जळतो, पीळ जात नाही."

"खोटा आकडा मी लिहू शकत नाही," दशांश म्हणाले. "हात चालत नाही."

"खरा आकडा लपवायला चालतो."

"लपवलेला आकडा खोटा नसतो, बाई. तो फक्त दिसत नाही."

एवढ्या शिकलेल्या माणसाने एवढं हलकं बोलावं, याची बाईंना किळस आली. साहेब निदान मूर्ख होते. याला सगळं कळत होतं.

"मग वही कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"फाटकावर सामान तपासतात, म्हणजे बाहेर गेली नाही. हे काही फेकत नाहीत, म्हणजे फाडली नाही. स्वतःच्या खोलीत ठेवण्याइतके ते साहेब नाहीत." बाई आलेखापाशी गेल्या. "आणि ही चौकट मंगळवारी कुणी टांगली?"

सगळे दशांशांकडे पाहू लागले. दोन बोटं पुढे आलेली ती चौकट बाईंनी सकाळीच पाहिली होती, आणि नाक मुरडून पुढे गेल्या होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. इतरांवर हसायची एवढी सवय झाली होती, की समोरचं दिसलं नव्हतं.

शिपायाने चौकट उतरवली. मागे सुतळीने बांधलेली वही होती. धाडकन खाली गेलेली ती रेघ बरोबर तिच्यावर टेकली होती.

"मला फक्त उद्यापर्यंत हवी होती," दशांश म्हणाले. "मंडळ गेलं की मी जागेवर ठेवणार होतो."

"आणि काका?"

दशांशांनी काकांकडे पाहिलं. त्यांच्या हिशोबात हा माणूस धरलाच नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

६

साहेबांना अजून एकच प्रश्न पडला होता. "मग आपला दर किती?"

"आठ पूर्णांक एक," दशांश म्हणाले. त्यांना राहवलं नाही. "सहांत सगळ्यांत वाईट."

"उद्या हाच तक्ता मंडळासमोर जाईल, वहीसकट," बाई म्हणाल्या. "दशांशांचं काय करायचं ते माझ्या अहवालात असेल. आणि गाडी आता पुलापलीकडे जाणार नाही."

"म्हणजे लोक माझ्या वॉर्डात मरणार," अधीक्षिका म्हणाल्या.

"मरू देत. घरचे निदान पायी पोचतील."

त्यांनी बडतर्फीचा कागद मधोमध फाडला. चौथ्या सहीची जागा दोन तुकड्यांत गेली. साहेब, अधीक्षिका आणि दशांश एकमेकांना दोष देत बाहेर पडले. जिन्यात त्यांचे आवाज बराच वेळ येत होते.

काका वहीवरची सुतळी गुंडाळत होते.

"एक राहिलं," बाई म्हणाल्या. "तुम्ही वही उघडली नाही म्हणालात. का? त्या एका खोट्यापायी मी तुम्हाला जवळजवळ चोर धरलं होतं."

"सगळी नाही वाचली. शेवटचा क्रमांक बघताना पानं चाळली." काकांनी वही छातीशी धरली. "बाई, आता राहू द्या ना. जागेवर ठेवतो."

"द्या इकडे."

काकांनी थोडा वेळ दिली नाही. मग टेबलावर ठेवून बरोबर पान उघडलं. त्यांना ते शोधावं लागलं नाही.

नोंद क्रमांक ११३२. आईचं नाव. सकाळी दहा वीसला आणली. अकरा दहाला मृत्यू. राहणार: आरामगृह, खाट सत्तावीस. संमती: मुलगी. आणि खाली, देह ताब्यात घेताना केलेली, बाईंची स्वतःची सही, ठसठशीत, तारखेसह.

एकच दिवस होती, असं बाई सगळ्यांना सांगत आल्या होत्या. ती पन्नास मिनिटं होती. शेवटची सकाळ आईने गाडीत हादरे खात काढली होती, आणि कारण एवढंच की तिच्या मरणाने साहेबांची रेघ वर जाऊ नये. डॉक्टरांना आदल्या दिवशीच कळलं होतं, संमतीच्या कागदावर तसं लिहिलंही असणार. दुसऱ्यांचे कागद उलटे धरूनही वाचणाऱ्या बाईंनी तो कागद सरळ असून वाचला नव्हता. त्या दिवशी त्यांना कचेरीत एका मूर्खाची चौकशी करायची घाई होती.

"मला वाटलं, तुम्हाला कळू नये," काका म्हणाले. "माझं काय, दोन महिने राहिले होते."

बाईंनी वही स्वतःकडे ओढली. सकाळपासून त्यांनी एकेकाला तोललं होतं आणि प्रत्येकजण हलका भरला होता. आता पारड्यात त्या स्वतः होत्या, आणि त्यांना आपली किळस आली. ज्या माणसाला त्यांनी साहेबांच्या पंगतीत बसवलं होतं, तो त्यांच्यासाठी चोर म्हणवून घ्यायला निघाला होता.

"काका, नोंद दुरुस्त करायचा अधिकार कुणाला असतो?"

"दक्षता अधिकाऱ्याला. लाल शाईने, सहीसकट."

काकांनी खिशातलं लाल पेन काढून दिलं. बाईंनी खाट सत्तावीसवर एक रेघ मारली आणि बाजूच्या रिकाम्या जागेत आईचा खरा पत्ता लिहिला. गल्ली, घर क्रमांक, पहिला मजला. मग पहिल्यापासून शेवटपर्यंत ती ओळ वाचली, आणि वाचून झाल्यावर सही केली.